दातवाल्यांची जनावरं

शिंपीणबाई त्या शेडच्या दारात पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा आत माणूस कुणी दिसला नाही, दिसला तो एक हात. कोपरापासून तोडलेला, शेवाळी रंगाचा, सहा बोटांचा. टेबलावर उताणा पडला होता आणि त्याच्या नखांत माती होती. किंकाळी फुटायच्या आधी तिच्या मनात आलं ते एवढंच, की ही नखं कुणी साफ का केली नाहीत.

“हात लावू नका, अजून ओला आहे,” टेबलाखालून आवाज आला. मागोमाग एक बुटका, टक्कल पडलेला माणूस गुडघ्यांवर हात टेकत वर आला. चष्म्याच्या एका काचेवर प्लास्टरचा थेंब वाळून बसला होता. “सोफ्यांची कव्हरं शिवता त्या तुम्हीच ना?”

“हो. पण इथं सोफे कुठं दिसत नाहीत.”

“सोफे नाहीत. एक पाठ आहे.”

त्यानं केसाळ कापडाचे दोन तुकडे तिच्यापुढे टाकले. ते असे जोडायचे होते की जोड कुणाला सापडता कामा नये. बाईनं तुकडे उजेडाकडे नेले, त्यांवरून उलटसुलट बोटं फिरवली आणि विचारलं, “ह्याचे केस पडतात कसे? मानेकडून खाली, की पाठीच्या कण्यावरून दोन्ही बाजूंना?”

माणूस तिच्याकडे बघतच राहिला. आतापर्यंत चार शिंपी येऊन गेले होते आणि चौघांनीही पहिला प्रश्न दोऱ्याच्या रंगाचा विचारला होता.

“उद्यापासून या,” तो म्हणाला.

“अहो, पण जनावर कसलं आहे ते तरी सांगाल?”

“ते अजून जन्माला यायचंय.”

घरी जाऊन तिनं हे सगळं सांगितलं तेव्हा नवरा पोट धरून हसला. सासूबाईंनी मात्र भाजी निवडता निवडता, मान वर न करता विचारलं, “म्हणजे तू आता राक्षसांची शिंपीण?”

“तसंच काहीसं.”

“जा मग. तुझ्या सासऱ्यांचे कपडे शिवलेस ना, तुला जड जायचं नाही.”

त्या शेडमध्ये खऱ्या नावानं कुणीच कुणाला हाक मारत नसे. त्या बुटक्या मालकाला तोंडावर सगळे दादा म्हणत आणि पाठीमागे दातवाले. शिंपीणबाईचं आठवड्याभरात टाकेबाई झालं, आणि ते तिला इतकं आवडलं की पुढे फोनवरसुद्धा ती “टाकेबाई बोलतेय” असंच म्हणू लागली.

दातवाले हे नाव उगाच पडलेलं नव्हतं. त्यांचे वडील कवळ्या करायचे. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे आणि घरातल्या मागच्या खोलीत त्यांवर गुलाबी हिरड्या नि पांढरे दात चढायचे. दातवाले तिथंच वाढले. शाळेतली पोरं गोट्या मोजत, हे दाढा मोजत. वयाच्या पंचविशीपर्यंत त्यांनी दुसरं काही केलं नाही. आणि मग एक दिवस एक नाटकवाला कवळी करून घ्यायला आला. दात सगळे धडधाकट, मोत्यासारखे. त्याला हवे होते पुढे आलेले, किडलेले, एका कपटी सावकाराचे दात.

दातवाल्यांनी ते करून दिले. नाटकवाल्यानं तिथंच खुर्चीत बसून ते चढवले, आरशात पाहिलं, आणि दातवाल्यांच्या डोळ्यांदेखत त्याचा ओठ बदलला, मग आवाज बदलला, मग उठून तो दाराकडे गेला तर चालसुद्धा बदललेली. नुसत्या आठ दातांनी माणसाला पार दुसरं करून टाकलं होतं. दातवाले त्या संध्याकाळी जेवले नाहीत. त्यांच्या वडलांना काळजी वाटली. “आपण लोकांना चारचौघांत हसता यावं म्हणून दात करतो,” ते म्हणाले, “आणि तू लोकांना घाबरवायला करणार?” पण त्यांनी अडवलं नाही. जाताना आपली सगळ्यात चांगली कानस मुलाच्या हातात दिली.

पहिला सिनेमा मिळाला तो तळ्यातल्या एका राक्षसाचा, आणि त्यानं दातवाल्यांचं नाक कापलं. मुखवटा देखणा होता, खवला न् खवला हातानं कोरलेला. पण राक्षस पाण्यातून वर आला की अख्खं थिएटर खो खो हसायचं. दुसरा कुणी तोंड लपवून घरी बसला असता. दातवाल्यांनी आठवडाभर रोज तिकीट काढलं आणि पडद्याकडे पाठ करून, पहिल्या रांगेपुढच्या पायरीवर बसून लोकांचे चेहरे पाहिले. डोअरकीपरला वाटलं, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. सातव्या दिवशी त्यांना कळलं. राक्षस वर येतो तेव्हा लोक हसत नव्हते, तेव्हा तर ते चूपचाप असत. तो बाजूला वळून बघतो तेव्हा हसत होते. त्याला मानच नव्हती. बघायचं म्हणजे खांद्यांसकट सगळं धूड वळवावं लागे, कपाट सरकवल्यासारखं.

“म्हणून मी आधी चेहरा करत नाही,” हे सगळं टाकेबाईंना सांगून झाल्यावर ते म्हणाले. “आधी ते जनावर झोपतं कसं ते ठरवायचं. झोप कळली की पाठ कळते, पाठ कळली की मान. चेहरा शेवटी आपोआप येतो.”

टाकेबाईंना वाटलं, बोलायच्या गोष्टी आहेत. पण मग त्यांनी पाहिलं की हा माणूस खरंच गुरांच्या दवाखान्यात जाऊन दुपारभर बाकावर बसतो आणि आजारी म्हशीची पापणी किती वेळानं लवते ते कागदावर मांडतो. म्हातारी माणसं खुर्चीतून उठताना आधी कुठला हात टेकतात, ते दातवाल्यांना पाठ होतं. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, एकदा डबा घेऊन आली होती. ती टाकेबाईंच्या कानाशी लागून म्हणाली, “लग्न ठरवायला आले तेव्हा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, प्रेमात पडले. नंतर कळलं, माझा वरचा एक सुळा वाकडा आहे.”

“मग?”

“मग काय, तोच आवडला म्हणे.”

टाकेबाई येऊन सहा वर्षं झाली असतील, तेव्हा थोरलीचं काम आलं. सिनेमा दलदलीतल्या एका जनावराचा होता. मादी, शेडमध्ये तिलाच थोरली म्हणत, माणसाच्या दीडपट उंच, आणि तिचं पिल्लू शिकाऱ्यांनी मारलेलं. तिला बोलता येत नाही, तिच्यासाठी कुणी बोलतही नाही, आणि तरी अडीच तास लोकांनी तिच्याकडे बघत बसायचं. दिग्दर्शकानं हे सांगितलं तेव्हा दातवाल्यांनी नेहमीप्रमाणे दहा-बारा दिवस काहीच केलं नाही. मग एका सकाळी ते शेडमध्ये आले, फरशीवर कुशीवर आडवे झाले, गुडघे पोटाशी घेतले आणि दोन्ही हातांचा वेढा करून मधे जागा सोडली.

“अशी झोपते,” ते जमिनीवरूनच म्हणाले. “पिल्लू गेलं, पण त्याची जागा अजून सोडते.”

शेडमध्ये सहा माणसं काम करत होती. टाकेबाईंनी उगीचच सुईत दोरा ओवायला घेतला.

थोरलीच्या आत जायला एक उंच माणूस हवा होता. तो मिळाला, त्याला सगळे शिडी म्हणत. साडेसहा फूट उंची, आधीचा नर्तक, हातपाय असे की चहाचा कप उचलला तरी बघत राहावं. एकच अडचण होती. त्याला बंद जागेची भीती वाटायची. लहानपणी चुलतभावांनी खेळता खेळता त्याला पेटाऱ्यात कोंडलं होतं आणि विसरून जेवायला गेले होते. आता त्याच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा म्हणजे दंतवैद्य वापरतात ती गुलाबी लापशी सगळ्या तोंडावर थापायची, वरून प्लास्टरच्या पट्ट्या, डोळे बंद, कान बंद, तोंड बंद, उघड्या फक्त दोन नाकपुड्या. शिडीनं ते भांडं पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“दादा, दुसरा कुणीतरी बघा,” तो म्हणाला. “मला जमणार नाही. उगाच तुमचा वेळ नको.”

दातवाल्यांनी वाद घातला नाही. चष्मा काढून ठेवला, डोक्याला प्लास्टिकची टोपी चढवली आणि स्वतःच खुर्चीत बसले. “टाकेबाई, माझ्यावर ओता.”

“मी? दादा, मी आयुष्यात शिवण सोडून—”

“इतकी वर्षं बघताय ना? नाकपुड्या तेवढ्या सांभाळा. शिडी, तू माझा हात धर. अंगठा वर असला म्हणजे मजेत आहे. मूठ आवळली की सगळं ओरबाडून काढायचं, मग साचा फुटला तरी चालेल.”

टाकेबाईंनी जीव मुठीत धरून कपाळापासून सुरुवात केली. नाकाशी आल्या तेव्हा नाकपुड्यांभोवती नुसत्या करंगळीनं लापशी लावली. बारा मिनिटं. दातवाल्यांचा चेहरा नाहीसा झाला, तिथं पांढरा गोळा राहिला आणि त्याला दोन भोकं. शिडी त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून बसला होता, नजर अंगठ्यावर. सहाव्या मिनिटाला तो अंगठा हळूच डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, मग तालात डोलायला लागला. शिडीला हसू फुटलं. बाराव्या मिनिटाला साचा निघाला, आतून लालबुंद चेहऱ्याचे दातवाले बाहेर आले आणि पहिलं वाक्य बोलले, “टाकेबाई, डाव्या भुवईला तेल लावायला विसरलात. निम्मी तुमच्या साच्यात गेली.”

त्यानंतर शिडी खुर्चीत बसला. त्याचा अंगठा बाराच्या बारा मिनिटं ताठ वर होता. थरथरत होता, पण वर होता.

थोरली उभी राहायला सहा महिने लागले. तिचे केस एकेक करून सुईनं रोवलेले होते, पापण्या दोरांनी हलत, आणि पाठ सबंध टाकेबाईंची. कण्यावरून खाली येणारी लांब चेन त्यांनी केसांच्या आड अशी दडवली होती की दिग्दर्शक दोनदा पाठीमागे फिरून गेला तरी त्याला सापडली नाही. टाकेबाईंनी ते घरी चार वेळा सांगितलं.

चित्रीकरणाचा नववा दिवस. स्टुडिओत उभारलेली दलदल, वर डझनभर दिवे, हवा भट्टीसारखी. अठ्ठावीस किलोच्या त्या अंगात शिडीला वीस मिनिटं राहता येई, मग पाठ उघडून त्याला पंख्यापुढे बसवायचं, असा दातवाल्यांचा नियम होता. त्या दिवशी वीस मिनिटं होत आली आणि दिग्दर्शक म्हणाला, “एकदाच, अजून एकदाच.” शिडीनंच आतून मान हलवून होकार दिला. कॅमेरा सुरू झाला. थोरली चिखलातून दोन पावलं पुढे आली, थबकली, आणि मग हळूहळू गुडघ्यांवर बसली. मान छातीवर पडली.

“वा!” दिग्दर्शक पुटपुटला. कुणीतरी टाळीसाठी हात उचललेसुद्धा.

दातवाले मात्र कॅमेऱ्यापुढून चिखल तुडवत धावत सुटले. “बंद करा! ती अशी बसत नाही!” ते ओरडत होते. “थोरली अशी बसत नाही!”

पन्नास माणसांत ते एकट्या दातवाल्यांनाच कळलं होतं. ती बसली की आधी डावा हात टेकणार, कारण तिचा उजवा गुडघा कमजोर, हे त्यांनी ठरवलेलं आणि शिडीनं महिनाभर घोटलेलं. गुडघे टेकून कोसळलं होतं ते जनावर नव्हतं, आतला माणूस होता.

टाकेबाई मागोमाग पोचल्या. चेन ओढली. चार बोटं खाली आली आणि अडकली. केसांचा एक झुबका दातऱ्यांत गेला होता. वर ओढून पाहिली, खाली ओढून पाहिली. आतून काही आवाज येत नव्हता.

“कापा,” दातवाले म्हणाले.

टाकेबाईंची कात्री कमरेला होती. हात तिच्यावर गेला आणि तिथंच थांबला. सहा महिने. एकेक केस.

“टाकेबाई, कापा!”

त्या दिवसापर्यंत दातवाल्यांनी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. टाकेबाईंनी डावा हात आत सारला, शिडीच्या पाठीला तळवा लावला, म्हणजे कात्री माणसाला लागली तर आधी आपल्या हाताला लागेल, आणि मानेपासून कमरेपर्यंत थोरलीची पाठ चरचर फाडत नेली. दोघांनी मिळून शिडीला बाहेर ओढला. अंग तापलेलं, ओठ पांढरेफटक. पाणी, पंखा, ओले टॉवेल, धावत आलेला डॉक्टर. पाच-सात मिनिटांनी त्यानं डोळे उघडले, दातवाल्यांचा हात शोधला आणि अंगठा वर केला. दातवाले तिथंच चिखलात बसून लहान मुलासारखे रडले.

तासाभरानं शिडी उठून बसला तेव्हा बाकीच्यांची नजर थोरलीवर गेली. चिखलात पालथी पडली होती, पाठ दुभंगलेली, आतला पिवळा फोम बाहेर. दिग्दर्शकाचा चेहरा उतरला होता. तो वाईट माणूस नव्हता, खरंतर तो स्वतःलाच शिव्या घालत होता, पण पुढचे वीस दिवस थोरलीशिवाय करण्यासारखं काहीच नव्हतं. काम तीन दिवस बंद ठेवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकेबाई शेडमध्ये आल्या त्या काम सोडायचं ठरवूनच. “दादा, चेन माझी होती,” त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. “दिसू नये म्हणून केस फार जवळ घेतले मी. दिसण्याच्या नादात उघडायचं कसं ते विसरले.”

दातवाल्यांनी “तुमची काही चूक नाही” असं म्हटलं नाही. टाकेबाईंना ते पुढे आयुष्यभर आठवत राहिलं. ते म्हणाले, “चूक आहे. तुमची आहे आणि ती मी तपासली नाही म्हणून माझी पण आहे. आता बसा आणि सांगा, एका झटक्यात उघडेल असं काय करता येईल?”

मग कामच निघालं. चेन गेली, तिच्या जागी सँडलला असते तशी चिकटपट्टी आली, आत एक दोरी, आणि दोरीचं टोक शिडीच्या स्वतःच्या हातात. एक हिसडा दिला की पाठ उघडी. ते जमलं. पण फाटलेली कडा काही केल्या लपेना. फोम चिकटवला तर फुगवटा यायचा, केस नव्यानं रोवायला वेळ नव्हता. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांनी हात टेकले.

टाकेबाईंनी त्या कडेवरून बोट फिरवलं. “लपवायचं कशाला?” त्या म्हणाल्या. “शिकारी तिच्यावर वार करतात ना पुढे? मग हा तोच वार. भरून आलेला.”

“जखम भरते तेव्हा दिसते कशी, ते नीट माहीत पाहिजे,” दातवाले म्हणाले. “उगाच लाल रेघ ओढून चालायचं नाही.”

“मला माहीत आहे.” टाकेबाईंचे कान लाल झाले. “माझी मुलगी पोट फाडून झाली. कातडी कुठं चुण्या घेते, कुठं चकाकते, कुठं पुन्हा केस येत नाहीत, सगळं रोज बघते मी. तुम्हाला दाखवता यायचं नाही दादा, पण शिवून दाखवते.”

दातवाल्यांनी आपली खुर्ची टाकेबाईंसाठी ओढली, दिवा त्यांच्या बाजूला वळवला आणि स्वतः स्टुलावर बसून सुया ओवून द्यायला लागले. उरलेला दिवसभर त्यांनी एवढंच केलं. टाकेबाईंच्या हातून हळूहळू एक व्रण उमटत गेला, वर रुंद, मधे ओढल्यासारखा, खाली बारीक होत केसांत विरलेला. संध्याकाळी दातवाले उठले, दहा पावलं मागे जाऊन उभे राहिले आणि चष्मा पुसला.

“आजपर्यंत हे जनावर मी केलं होतं,” ते म्हणाले. “आज ते आयुष्य जगलं.”

दिग्दर्शकानं आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग वाराचा प्रसंग त्या व्रणाच्या मापानं पुन्हा बेतला. सिनेमा लागला तेव्हा टाकेबाई घरच्या सगळ्यांना घेऊन गेल्या. सासूबाई पहिला अर्धा तास डोळ्यांवर पदर घेऊन बसल्या होत्या. पुढे पुढे पदर खाली आला. थोरली जखमेनंतर पहिल्यांदा पाठमोरी होऊन झोपते, हातांचा वेढा करून, मधे रिकामी जागा सोडून, तेव्हा थिएटरात कुणी खोकतसुद्धा नव्हतं. त्या शांततेत सासूबाई सुनेच्या दंडाला धरून म्हणाल्या, “अगं, हिचं पण सिझर झालं का गं? बिचारी!” आणि हुंदके द्यायला लागल्या. पुढच्या रांगेतली चार माणसं वळून हसली. त्यांचेही डोळे ओले होते.

त्यानंतरची पंधरा वर्षं भरभराटीची. शेड मोठी झाली. पंख असलेली, शिंगं असलेली, एकदा तर नुसती गुडघ्याएवढी, मिशाळ, उचक्या देणारी जनावरं त्या दारातून बाहेर पडली. तरण्याताठ्या नटांना दातवाल्यांनी नव्वदीचं केलं, आणि एका नटीला तिच्याच आईचा चेहरा दिला तेव्हा ती आरशापुढून तासभर उठली नाही. पुढे कॉम्प्युटर आले. कामं एकेक करून कमी झाली, शेड पुन्हा लहान झाली, शिडी नृत्य शिकवायला निघून गेला. लोकांना वाटे दातवाले चिडत असतील. ते चिडले नाहीत. कॉम्प्युटरवरची मुलंमुली त्यांच्याकडे विचारायला यायची, वजन कसं दाखवू, श्वास कसा दाखवू, आणि हे त्यांना घेऊन गुरांच्या दवाखान्यात जायचे. बाकावर तीन-चार लॅपटॉपवाले आणि मधे टकलू म्हातारा, असं दृश्य तिथल्या कंपाउंडरला सवयीचं झालं होतं.

सत्तरी उलटल्यावर त्यांच्या हाताला कंप सुटला. कुंचला धरवेना. तेव्हापासून चेहरे टाकेबाई रंगवायला लागल्या आणि दातवाले शेजारी बसून सांगायला लागले. अशातच एक दिवस एक तरुण दिग्दर्शिका शेडमध्ये आली. तिनं थोरली आठव्या वर्षी पाहिली होती, आणि तिच्या सिनेमात एक म्हातारं, अजस्र जनावर आणि सहा वर्षांची मुलगी असा प्रसंग होता.

“जनावर कॉम्प्युटरवर करतोय आम्ही,” ती संकोचून म्हणाली. “मुलीला काठीवर लावलेल्या चेंडूशी बोलायला सांगतो. ती चेंडूशी चेंडूसारखंच बोलते. अकरा वेळा घेतला सीन. मला एक चेहरा कराल? फक्त चेहरा. पण आधीच सांगते, पडद्यावर तो दिसणार नाही, नंतर बदलला जाईल.”

टाकेबाईंना राग आला. ती गेल्यावर त्या म्हणाल्या, “पुसून टाकायच्या गोष्टीसाठी पाच आठवडे राबायचं?”

“मुलीला दिसणार आहे ना,” दातवाले म्हणाले.

“एका मुलीला!”

“मग? आपल्याला एवढे कमी प्रेक्षक कधी मिळाले होते? चूक झाली तर लपायला जागा नाही.”

त्यांनी तो चेहरा केला, आणि टाकेबाईंच्या मते थोरलीनंतरचं इतकं चांगलं काम शेडमध्ये झालं नव्हतं. तो ठेवायला टेबल लागलं, हलवायला चार माणसं. भुवयांना दोघं, तोंडाला एकजण आणि पापण्यांना दातवाले. पापण्यांची दांडी सबंध हातानं ओढायची होती, बोटांनी नव्हे, त्यामुळे ते त्यांना जमत होतं. गुडघ्यांची कुरकुर ऐकत ते टेबलाखाली शिरले.

मुलगी आली. सेटवर तिला चिमणी म्हणत. तिनं सगळ्या तारा पाहिल्या, चौघांची नावं विचारली, टेबलाखाली वाकून दातवाल्यांना “आजोबा, तुम्ही दमलात का?” असंही विचारलं. तिच्यापासून काही लपवलेलं नव्हतं. टाकेबाईंना वाटलं, झालं, आता कशाला विश्वास बसतोय.

मग जनावरानं डोळे उघडले. सावकाश, आधी एक, मग दुसरा, आजारी माणूस ओळखीच्या आवाजाला उघडतो तसे. चिमणी एक पाऊल मागे सरली. चौघं माणसं अजून तिथंच होती, तिच्या हाताच्या अंतरावर, पण ती तिच्यासाठी नाहीशी झाली. ती पुढे आली, त्या सुरकुतलेल्या गालावर तळवा ठेवला, आणि लिहून दिलेलं वाक्य विसरून त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली. पापण्या एकदा मिटल्या, उघडल्या. मुलगी हुंकार ऐकल्यासारखी मान हलवून मागे आली. दिग्दर्शिकेला “कट” म्हणायचं भानच राहिलं नाही, ते दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं.

कान टेबलाच्या कडेलाच होता आणि त्याखाली दातवाले. त्यांना ओढून बाहेर काढताना टाकेबाईंनी विचारलं, “काय म्हणाली हो ती?”

“मला कुठं सांगितलं तिनं?” दातवाले म्हणाले, आणि पाठ चोळत चहाकडे गेले. ऐकलं होतं त्यांनी, टाकेबाईंची खात्री होती. पण ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, वहिनींनासुद्धा नाही.

सिनेमा पाहायला दोघं एकत्रच गेले. दिग्दर्शिकेनं सांगितलं होतं तसंच झालं होतं. चेहरा कॉम्प्युटरचा होता. सुरेख होता, नाही म्हणायला जागा नाही, पण त्यात टाकेबाईंनी रंगवलेली एकही सुरकुती नव्हती.

“तिकडे नका बघू,” दातवाले अंधारात कुजबुजले. “मुलीकडे बघा. कुणाकडे बघतेय ती?”

टाकेबाईंनी पाहिलं. पडद्यावर चिमणीचे डोळे मोठे झाले होते, खालचा ओठ जरासा पुढे आला होता, आणि ती बघत होती ते टेबलावरच्या त्यांच्या चेहऱ्याकडे; कॉम्प्युटरचा चेहरा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. त्या उरलेला प्रसंगभर फक्त मुलीकडे बघत राहिल्या.

पुढच्या वर्षी दातवाल्यांनी शेडची किल्ली टाकेबाईंकडे दिली. दातांच्या आणि चेहऱ्यांच्या कामाला टाकेबाईंकडे अजून माणसं येतात, थोडी, पण येतात. दातवाले दर बुधवारी येतात, खुर्ची ओढून बसतात आणि चुका काढतात. टाकेबाई कुरकुरतात, मग उसवून पुन्हा शिवायला घेतात.